पाडण्याआधी एक पावसाळा: शाहूपुरीतल्या जुन्या गाळ्यांबद्दल

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, सोबतचे फोटोही पाहिले. मला काय समजलं ते आधी लिहितो, म्हणजे चुकलं असेल तर तिथंच कळेल. चोवीस वर्षं स्टुटगार्टला काढून तुम्ही गेल्या दिवाळीत कायमचे कोल्हापूरला आलात. शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून फार लांब नाही अशा गल्लीत, आजोबांची दुमजली इमारत आहे. तीस बाय पंचेचाळीस फूट, १९५८ च्या आसपासची, दगड-मातीच्या भिंती, वर सागवानी माडी आणि कौलं. खाली दोन गाळे. एक बंद, दुसऱ्यात पन्नास वर्षांपासून एक शिंपी भाडेकरू. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आत छातीएवढं, म्हणजे रस्त्यापासून पाचेक फूट पाणी होतं आणि तेव्हापासून भिंतींची ओल जात नाही. तुमचा बेत सगळं पाडून खाली तळघर, वर तीन मजले आणि दर्शनी बाजूला पूर्ण काच असा आहे. एका ठेकेदारानं फुटाला १,९०० रुपये आणि ‘सहा महिन्यांत किल्ली’ असं सांगितलंय. तुम्ही विचारताय, पाडून बांधू की दुरुस्त करू?

मी गवंड्याचा मुलगा. डिप्लोमा झाल्यापासून एकतीस वर्षं इथंच बांधकामं करतोय, त्यातली निम्मी तरी जुन्या पेठांतली दुरुस्तीची. त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आत्ता मार्च चालू आहे. आत्ता पाडू नका आणि मोठ्या दुरुस्तीलाही हात घालू नका. कौलं चाळून घ्या, जिथं तुळई वाकलेली दिसते तिथं टेकू द्या, आणि एक पावसाळा त्या इमारतीवरून जाऊ द्या. तो पावसाळा तुम्ही स्वतः आत उभं राहून बघा. परत आलेल्या माणसाला हात चालवायची घाई असते, पैसे बँकेत पडून आहेत हेही टोचत असतं, मला ते कळतं. पण हे चार महिने वाया जात नाहीत. कागदाचीच कामं एवढी निघतील की तेच कमी पडतील.

आता मुद्द्याचं. ‘पाडू की दुरुस्त करू’ हा प्रश्न तुम्ही बांधकामाचा समजून विचारलाय. माझ्या मते तो उंबऱ्याचा प्रश्न आहे. नवी इमारत बांधल्यावर गाळ्याची फरशी रस्त्यापासून किती उंचीवर येणार? बाकीचं सगळं ह्या एका आकड्यावर लटकलेलं आहे.

कारण असं. पाटबंधारे खात्यानं पंचगंगेच्या दोन पूररेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवीन बांधकामाला मनाई आहे. तिथं आधीपासून असलेली अधिकृत इमारत पाडून बांधायची तर पाटबंधारे खात्याचा ना-हरकत दाखला घेऊन आणि उंचीची अट पाळूनच. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता तुमच्याच दारात उभं राहून हिशोब करू. २०२१ ला पाणी रस्त्यापासून पाच फूट होतं. लाल रेषा तुमच्या गल्लीत नेमकी कुठं येते ते नकाशावरूनच काढावं लागेल, पण समजा ती त्याच पातळीच्या आसपास आली. पाच अधिक दीड, साडेसहा फूट. सहा इंचाची एक पायरी धरली तर तेरा पायऱ्या. तेरा पायऱ्या चढून कोण साडीला फॉल-पिको करायला येणार? क्लास चालेल, ऑफिस चालेल, दवाखाना चालायचा असला तर रॅम्प आणि लिफ्ट. पण शाहूपुरीत रस्त्यालगतच्या गाळ्याला जे भाडं मिळतं ते उंबऱ्याचं मिळतं. रस्त्यावरचा माणूस चप्पल न काढता, जिना न चढता आत येतो, त्याचे पैसे आहेत ते. नवी इमारत बांधून तुम्ही खाली पार्किंग आणि वर गाळे केलेत तर इमारत देखणी होईल आणि भाडं कदाचित आजच्यापेक्षा कमी येईल.

उलट, जी इमारत उभी आहे ती दुरुस्त केलीत तर उंबरा आहे तिथंच राहतो. पूर आला की पाणी आत येणार, हे धरूनच चालायचं, आणि तळमजला असा करायचा की आठवड्यात धुऊन पुसून परत शटर उघडलं पाहिजे.

म्हणून पहिलं काम आर्किटेक्टचं नाही, लेव्हल मशीनवाल्याचं आहे. एखाद्या सर्व्हेअरला बोलवा, पूररेषेच्या नकाशावरची पातळी तुमच्या जोत्यापर्यंत आणून द्यायला सांगा, म्हणजे ती रेषा तुमच्या गाळ्याच्या फरशीपासून किती उंच येते ते कळेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पेपरात पावसाळ्यात रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी येते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. २०१९ ला आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पण तो आकडा बंधाऱ्यावरचा. बंधाऱ्यावर किती फूट झाले की तुमच्या गाळ्यात पाणी शिरतं, हे फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि तो तुमचा भाडेकरू आहे.

तुम्ही त्यांच्याबद्दल प्रश्नात एकच ओळ लिहिलीत, ‘एक जुना भाडेकरू आहे, त्याला काढावं लागेल.’ हा शब्द सोडून द्या.

लक्ष्मीपुरीत एका मालकाचं काम करत होतो. तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे भाडेकरू. त्यांच्या दाराच्या चौकटीवर खिळ्यानं कोरलेल्या तीन रेघा होत्या, शेजारी साल. २००५ ची मांडीला, २०१९ ची खांद्याला, २०२१ ची त्याच्याही दोन बोटं वर. मी टेप लावून मोजत होतो तर म्हणाले, “सायेब, ह्या रेघांचं काय घेऊन बसलाय. नदी रस्त्यावरनं येतच न्हाई. पहिलं मोरीतनं येती. गटारातनं बुडबुडं याय लागलं की मी घड्याळं पोटमाळ्यावर टाकतो, मग रस्त्यावर पाणी याय अजून सात-आठ तास असत्यात.” मालक शेजारी उभे होते. पंचवीस वर्षं भाडं घेत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही त्या मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे पाणी बाहेर जातं पण उलटं आत येत नाही. मोठा पूर त्यानं थांबत नाही, पण नाला नुसता तुंबल्यावर जे घाण पाणी आत यायचं ते बंद झालं. खर्च म्हणाल तर काचेच्या एका तावदानाएवढाही नाही.

तेव्हा शिंपीकाकांकडं जा, बसा, एखादा शर्ट शिवायला टाका. पाणी कुठून येतं, किती दिवस राहतं, कुठली भिंत आधी ओली होते, उतरल्यावर कुठला कोपरा शेवटपर्यंत सुकत नाही, सगळं विचारा. कायद्याची बाजूही आहेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि जुन्या भाडेकरूला तो भक्कम संरक्षण देतो. इमारत पाडून बांधायची म्हटली तरी नव्या इमारतीत त्यांची जागा काय, किती फूट, मधल्या काळात ते कुठं बसणार, हे ठरवावंच लागतं. नोटीस पाठवून सुरुवात केलीत तर प्रकरण कोर्टात जाईल आणि तुमचं वय वाढेल. बोलून ठरवा, वकिलाकडून कागद करून घ्या आणि नोंदणी करा. मी पाहिलेल्या ज्या ज्या कामांत हे आधी झालं ती कामं वेळेत झाली.

कागदाचा विषय निघालाच आहे तर, नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, असं मला वाटतंय. मग वडील, काका, आत्या, त्यांची मुलं अशी वारसांची नावं लागतील आणि ज्यांना हिस्सा नको आहे त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. आत्यांना गृहीत धरू नका. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत गणपती येतात, हा माझा अनुभव आहे. पावसाळा वाया जात नाही म्हणालो तो ह्यासाठी.

आर्किटेक्टला मात्र पावसाळ्याआधीच एक रेखाचित्र काढायला लावा. पाडल्यावर ह्या प्लॉटवर नियमाप्रमाणे प्रत्यक्षात किती बांधता येतं? तुमची इमारत आज रस्त्याला टेकून, दोन्ही शेजाऱ्यांना चिकटून उभी आहे. ती पाडली की नवे नियम लागू. पुढं मोकळी सोडायची जागा (मार्जिन), रस्तारुंदीची रेषा असेल तर तिच्यात जाणारी पट्टी, पार्किंग. तेराशे पन्नास फुटांच्या प्लॉटवर हे सगळं सोडून काय उरतं ते कागदावर बघा, मग तीन मजल्यांचं बोलू. मी असे दोन मालक पाहिलेत की ज्यांनी आधी पाडलं आणि नंतर हे रेखाचित्र काढलं. एकाच्या जागेत आज तो गाड्या धुतो.

आता ओल. तुम्ही लिहिलंय की २०२१ च्या पुरानंतर सगळ्या भिंतींना चांगलं जाड सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं, तरी ओल वर चढतेय. ‘तरी’ नाही, म्हणूनच चढतेय. हीच चूक मी २००६ साली केली आहे, माझ्याच पैशानं निस्तरली आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहितो. २००५ च्या पुरात भिजलेली दगड-मातीची भिंत होती. वरून कोरडी दिसत होती. मी सिमेंटचा गिलावा करून, वर ऑइल पेंट मारून मोकळा झालो. पुढच्या श्रावणात गिलाव्याचे पापुद्रे नाहीत, ताटाएवढे तुकडे गळून पडले आणि मागची माती बोटानं उकरता येत होती.

होतं असं की जुन्या भिंती खालून पाणी ओढतात. चुन्याचा गिलावा असतो तोवर ते पाणी खालच्या दोन-तीन फुटांतच हवेत उडून जातं. सिमेंटनं तोंड बंद केलं की पाणी आतल्या आत वर चढत जातं आणि जिथं सिमेंट संपतं तिथं डोकं काढतं. सोबत क्षार आणतं, ते पांढरे फुलोऱ्यासारखे दिसतात. आत मातीचा लगदा होत राहतो तो वेगळाच. ते प्लास्टर काढून टाका, निदान खालचे पाच फूट, आणि हे काम आत्ता, उन्हाळ्यातच करा. भिंत उघडी पडू दे, सुकू दे, दगड दिसू देत. पावसाळ्यात ती उघडी भिंत खरं बोलते. वरून पाणी येत असेल तर डाग वरून खाली ओघळतो. जमिनीतून येत असेल तर सगळ्या भिंतीला एकाच उंचीवर पट्टा दिसतो. शेजाऱ्याच्या मोरीतून येत असेल तर एकाच जागी, पाऊस नसतानाही ओलं राहतं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत आणि ठेकेदार तिन्हींना ‘वॉटरप्रूफिंग’ हे एकच नाव देतो.

दगड-मातीच्या भिंतीबद्दल एक गंभीर गोष्ट. पुरात भिंत पडली नाही म्हणजे ती वाचली असं नसतं. पाणी उतरल्यावर, सुकताना, कधी तीन-चार आठवड्यांनी ती फुगते आणि बसते. तुमची दोन पुरांतून उभी राहिली आहे, म्हणजे कुठंतरी दम आहे. पण तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, असंही करून घ्यावं लागतं, तेव्हा ते मनापासून करून घ्या, कागदापुरतं नको. ऑडिट करणाऱ्याला दोन ठिकाणी भिंत आरपार उघडून दाखवायला सांगा. बाहेरचा आणि आतला दगड एकमेकांत गुंफलेला आहे की दोन वेगळ्या भिंती शेजारी उभ्या करून मध्ये गाळ भरलाय, हे बघायचं. दुसरं असेल तर मी स्वतः पाडायच्या बाजूनं जाईन, उंबरा गेला तरी. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोल्हापूरच्या जुन्या माणसांच्या अजून लक्षात आहे, आणि आपला भाग भूकंपाच्या पट्ट्यात येतो.

सामाईक भिंत बघितलीत का? जुन्या पेठांत दोन घरांत मिळून एकच भिंत असते. एका कामावर माडी उतरवून झाली आणि गड्यानं भिंतीच्या माथ्याला पहार घातली. दोन दगड निघाले आणि आत लाकडाची सहा तोंडं ओळीनं दिसली. शेजाऱ्याच्या माडीच्या तुळया आमच्या भिंतीत चार-चार इंच टेकलेल्या. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी हात वर करून काम थांबवलं, दुपारपर्यंत शेजारच्या घरात लोखंडी टेकू दिले आणि मगच श्वास सोडला. तुमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत आतून जाऊन बघा, फोटो काढा, त्यांच्या भिंतींना आधीच असलेल्या भेगांचेसुद्धा. नाहीतर उद्या त्या भेगा तुमच्या नावावर लागतात.

तळघराचं एका वाक्यात सांगतो: नको. नियम बाजूला ठेवले तरी, पूर असताना जमिनीतलं पाणी रिकाम्या तळघराला खालून वर ढकलतं, भिंतींतून झिरपतं आणि वीज गेलेली असल्यामुळं पंप बंद असतो.

काच. तुमच्या इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. स्टुटगार्टला जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य क्षितिजापासून ६५ अंशांच्या वर जात नाही आणि डिसेंबरात १८ अंशांवर रेंगाळतो, म्हणून तिथं काचेतून येणारं ऊन हे वरदान. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, डिसेंबरातही ५० अंशांवर. म्हणजे इथं तापतं ते छप्पर. तिकडं तुम्ही थंडी अडवायला भिंतीत घालायचा तो पैसा इथं ऊन अडवायला वरच्या छपरात घाला. आणि पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर छज्ज्याखालून तिरकं आत येतं, त्याला काच म्हणजे आमंत्रण. फेब्रुवारी ते मे तुमचा एसी फक्त त्या काचेशी भांडत बसेल. पावसाळ्यात वारा-पाऊसही त्याच बाजूनं, नैर्ऋत्येकडून मारतो. काचेच्या सांध्यांतलं भरण जुनं होऊन सुटलं की तिथूनच गळती. तिकडच्या घट्ट बंद खिडक्यांची सवयही सोडा. आषाढात बंद खोलीत चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत बुरशी येते, कपड्याच्या दुकानाचं काय होईल ते शिंपीकाकाच सांगतील. दर्शनी बाजूला खोल ओटा, वर रुंद छज्जा, वरच्या मजल्याला लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या झडपा. आजोबांनी हेच केलेलं असणार, घरातले जुने फोटो बघा.

सगळं तपासून दुरुस्तीकडं कल झाला तर काय करायचं, ते सांगतो. माझा अंदाजही तोच आहे. मागच्या अंगाचं पत्र्याचं कच्चं बांधकाम काढा. आतल्या बाजूनं लोखंडी किंवा आरसीसी खांब उभे करून माडी आणि छपराचा भार त्यांच्यावर घ्या, म्हणजे जुनी भिंत फक्त भिंत राहील. ह्याला महापालिकेची परवानगी लागते. गिलावा, फरशी, कौलं चाळणं ही किरकोळ दुरुस्ती वेगळी आणि भार उचलणारं काही बदलणं वेगळं. खांबांचे खड्डे काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत न्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यावर टेकलेलं काहीही दर वर्षी हलतं. शाहूपुरीत नाल्याच्या बाजूला भराव किती खोल आहे हे एक खड्डा खणल्याशिवाय कुणीही सांगू नये.

तळमजला बुडणारच आहे असं धरून सामान निवडा. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी, भिंतीला चुन्याचा गिलावा, फडताळं लोखंडी अँगलची आणि गॅल्व्हनाइज केलेली. प्लायवूड, जिप्सम, खोटं छत यांतलं काहीही गळ्याच्या खाली नको. विजेची वायर फरशीतून वर नाही, वरून खाली आणा. मीटर आणि डीबी, म्हणजे विजेच्या बटणांची मुख्य पेटी, जिन्याच्या वरच्या वळणावर. आणि पोटमाळा मजबूत करा, वर एक कप्पी लावा. शिंपीकाकांची मशिनं दोन माणसांत अर्ध्या तासात वर गेली पाहिजेत. लोक ह्याला हसतात, पण २०२१ ला ज्यांच्याकडं कप्पी होती त्यांनी ऑगस्टमध्ये धंदा सुरू केला.

ठेकेदाराच्या आकड्याबद्दल. १,९०० म्हणजे कशाचे, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. मोजणार काय, स्लॅबचं क्षेत्र की आतलं? पाया किती खोलीपर्यंत धरलाय? पाडकाम, राडारोडा, शेजाऱ्याला टेकू, जीएसटी, बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर, हे आत की बाहेर? १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल देणार की सगळं तोंडी? जुन्या इमारतीला फुटाचा दर घेऊच नका. प्रत्येक बाबीचा वेगळा दर आणि प्रत्यक्ष मोजून पैसे, अशी बोली करा. आणि पाडकाम काढायचं असेल तर जुनं लाकूड, कौलं, घडीव दगड कुणाचे, हे आधी लिहा. सागवानी तुळयांना गिऱ्हाईक आहे. पाडणारा पैसे मागत नाही, उलट देतो, हे परगावाहून आलेल्या मालकाला बहुतेक वेळा शेवटी कळतं.

सहा महिन्यांचं वेळापत्रकही त्याला कॅलेंडर लावून विचारा. माझं असं असतं: पावसाळाभर निरीक्षण आणि कागद, दसऱ्यापर्यंत परवानगी हातात, दिवाळी झाली की पाडकाम आणि खड्डे, संक्रांतीपर्यंत पाया जमिनीच्या वर, आणि मेमधला वळीव सुरू व्हायच्या आत छप्पर झाकलेलं. मध्ये शिमगा-पाडव्याला विजापूरकडचे बिगारी गावी जातात, ते दहा-बारा दिवस धरून ठेवा. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, विटा आधीच उतरवून घ्या. जुलैत खड्डा खणू नका, तो विहीर होतो. काँक्रीटला पाणी मारायचे दिवस कुणालाही वाचवू देऊ नका. साध्या सिमेंटला किमान सात, फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेल्या सिमेंटला दहा, आणि आपल्या बाजारात बहुतेक दुसरंच मिळतं. स्लॅबवर वाफे बांधून पाणी उभं राहिलेलं रोज सकाळी स्वतः जाऊन बघा. तुम्ही इथंच राहताय, हा तुमचा मोठा फायदा आहे. परदेशात बसून मुखत्यारपत्रावर कामं करणाऱ्या मालकांच्या स्लॅबला गळती जास्त असते, त्याला कारण सिमेंट नसतं.

विमा उतरवताना इमारत आणि आतला माल वेगवेगळा उतरवा. छोट्या व्यवसायांसाठी २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. शिंपीकाकांनाही त्यांच्या मशिनांचा स्वतंत्र काढायला सांगा, तुमच्या पॉलिसीत ती बसणार नाहीत.

म्हणजे जून उजाडायच्या आत तुमच्याकडं चार गोष्टी हव्यात: जोत्यापर्यंत आणलेली लाल रेषेची पातळी, प्रॉपर्टी कार्ड, पाडल्यावर काय बांधता येईल त्याचं रेखाचित्र, आणि दोन जागी उघडून बघितलेली भिंत. त्या आल्या की परत लिहा, मी आकड्यांत बोलेन. आत्ता मी दुरुस्तीकडं झुकतोय ते फोटोवरून, आणि फोटोत भिंतीचं पोट दिसत नाही.

पावसाळ्यात दर रविवारी आतल्या भिंतीवर ओलीची उंची पेन्सिलनं खूण करून तारीख टाका, मोरीपासून सुरुवात करून घड्याळाच्या दिशेनं. मोजायला स्टीलचा टेप घ्या. शिंपीकाका त्यांचा कापडी देतील, पण तो भिजला की मापाला फसवतो.